गेटपास अडवणारा कोण

मोनाली नाखवाला दीपेशचा पहिला संशय आला तो अगदी क्षुल्लक गोष्टीवरून. पाण्याची बाटली भरायला ती त्याच्या खुर्चीमागून चालली होती, आणि तिची चाहूल लागताच त्यानं स्क्रीनवरचं काहीतरी झटकन बंद केलं. मग उगीचच कीबोर्डवरची धूळ फुंकली.

एवढंच. पण एरवी दीपेश ठाकूर असा नव्हता. दोघं पनवेलच्या एकाच कॉलेजातून शिकलेली आणि 'अचूक सिस्टीम्स' या पनवेलच्याच सॉफ्टवेअर कंपनीत बरोबरच लागलेली. ती पनवेलच्या कोळीवाड्यातली, तो खारघरमधल्या बेलपाड्याचा. तिच्या डब्यातल्या सुकटीवर त्याचा डोळा, त्याच्या आईच्या तांदळाच्या भाकरीवर तिचा. कामातही तसंच. एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकं घालून, "हे काय गाढवासारखं लिहिलंयस" म्हणत दोघांनी मिळून सागरदीप यार्डाचं काम उभं केलं होतं.

सागरदीप म्हणजे उरण रस्त्यावरचं कंटेनर यार्ड. जहाजावरून उतरलेले कंटेनर तिथं येऊन थांबायचे आणि कागदपत्रं पुरी झाली की ट्रेलरवर चढून बाहेर पडायचे. बाहेर पडताना गेटवर पास लागायचा. तो पास छापणारा प्रोग्राम जावामध्ये या दोघांनी लिहिला होता. गेटवरच्या खोलीतल्या सर्व्हरवर तो चालायचा आणि बळीराममामा नावाचे गेटकारकून कॉम्प्युटरवर कंटेनरचा नंबर घालून पास काढून द्यायचे. वर्षभर सगळं सुरळीत होतं.

बिघडलं ते २०१२च्या एप्रिलमध्ये. कस्टमच्या माहितीचा नमुना बदलला म्हणून पासाच्या प्रोग्राममध्ये बदल करावे लागले. नवा प्रोग्राम मोनालीनं शुक्रवारी यार्डात जाऊन सर्व्हरवर चढवला, आणि ती स्कूटीवरून पनवेलला परत पोचते न पोचते तोच यार्डाचे मॅनेजर कडूसाहेब फोनवर ओरडायला लागले. पास निघत नव्हता. 'छापा'वर बोट ठेवलं की पांढरा पडदा आणि त्यावर लाल अक्षरांची रांग. मोनालीच्या मशीनवर तोच प्रोग्राम लोण्यासारखा चालत होता. गेटवर ट्रेलरची शेपटी पार हमरस्त्यापर्यंत गेली आणि शेवटी हातानं पास लिहून द्यायची वेळ आली.

कंपनीचे मालक कमलाकर दातार सावध माणूस. त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"आजपासून यार्डाच्या सर्व्हरला फक्त मोनाली हात लावेल. दोघांनी दोन बाजूंनी ढवळलं की कुणी काय केलं ते कळत नाही. दीपेश, तू इथूनच काम कर."

दीपेशनं मान डोलावली.

शनिवारभर मोनालीनं ऑफिसात बसून डोकेफोड केली. काही सापडलं नाही. सोमवारी सकाळी ती यार्डात गेली तर पास निघत होते. भराभर, एकामागून एक. तिनं तर काहीच केलं नव्हतं. सर म्हणाले, "चाललंय ना? मग हात लावू नकोस." पण आपोआप बिघडलेलं कधीमधी समजून घेता येतं, आपोआप सुधारलेल्याची जास्त भीती वाटते. कोळीवाड्यात तिचे वडील म्हणायचे, गाठ आपसूक सुटली तर आधी बघावं जाळ्याला कुणी हात लावलाय.

एप्रिल संपताना पुन्हा गडबड झाली, पण वेगळीच. महिन्याचा अहवाल, म्हणजे किती कंटेनर आले-गेले याचा एक्सेलमधला तक्ता, निघेना. फेब्रुवारीत तो भाग मोनालीनंच लिहिला होता आणि तेव्हा तो व्यवस्थित चालला होता. तिनं पेनड्राइव्हवरचा तोच नवा प्रोग्राम जसाच्या तसा पुन्हा सर्व्हरवर चढवला. अहवाल निघाला. ती सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेटपास बंद. एक धरलं की दुसरं सुटत होतं.

त्याही दिवशी हातानं लिहिलेल्या पासांवर गाड्या सोडल्या गेल्या. आणि त्याच गर्दीत एक कंटेनर रांगेत नंबर लागायच्या आधीच बाहेर पडला.

"असाच कसा बाहेर पडला?" कडूसाहेबांनी फोनवर विचारलं. त्यांचा आवाज या वेळी चढलेला नव्हता. "मॅडम, तुमची सिस्टिम बंद पडली की कुणाचं तरी फावतं, असं मला वाटायला लागलंय."

फोन ठेवल्यावर ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. बंद पडतं की पाडलं जातं?

मग तिला मागच्या काही आठवड्यांतलं एकेक आठवायला लागलं. दीपेश फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा. "हां, हां, मी बघतो, तुमी काय करू नका," असं दबक्या आवाजात. घरच्या बोलीत बोलतोय म्हणजे आपल्याच माणसाशी, पण मग लपवायचं काय? तिच्याशी तो आता कामापुरतं बोलायचा आणि मधूनच तिच्याकडे रोखून बघायचा. तिनं बघितलं की नजर काढून घ्यायचा. डबा तो वेगळा बसून खायला लागला. आणि मग रियानं भर घातली. रिया ऑफिसात नवीन लागलेली, प्रोग्राम तपासायचं काम करणारी, बोलकी मुलगी.

"मॅम, दीपेश सर बेलापूरला दिसले मला. एकदम इन केलेला शर्ट, हातात फाइल. इंटरव्ह्यू असणार, सांगते ना."

म्हणजे हा चालला. जाता जाता काम बिघडवून जायचं, म्हणजे दुसरीकडे सांगायला बरं, 'मी होतो तोवर चाललं'. मोनालीला स्वतःच्याच विचाराची लाज वाटली. पण विचार गेला नाही.

गेटपास बंद पडल्याच्या दुसऱ्या दिवशी ती यार्डात पोचली तेव्हा प्रोग्राम पुन्हा आपोआप सुधारलेला होता. बळीराममामा खिडकीत बसून पास फाडून देत होते. गेटवर त्यांना सगळेच मामा म्हणायचे. ड्रायव्हर, हमाल, कडूसाहेब, मोनाली आणि दीपेशसुद्धा. जमीन यार्डात गेली तेव्हा त्यांना ही नोकरी मिळाली होती.

"मामा, कधीपासून चालू झालं?"

"काल सांजच्यापासून बरा चाललाय, मॅडम," मामा म्हणाले. "दीपेश येऊन बसला व्हता ना आत. त्यानं काय ते केलान नि झाला चालू."

मोनालीच्या हातातली स्कूटीची किल्ली तशीच राहिली. "दीपेश? काल इथं आला होता?"

मामांनी जीभ चावली. त्यांच्या ध्यानात आलं असावं की आपण नको ते बोललो. "नाय म्हंजे, मनाच भेटाया आलेला. माज्या भयनीचा पोर हाय तो."

"तुमचा भाचा?"

"तुमाला म्हाईत नाय?" मामा कसंनुसं हसले. "मना वाटला, म्हाईत असल."

नव्हतं माहीत. वर्षभर दीपेश त्यांना मामा म्हणत होता आणि तिला वाटत होतं, सगळे म्हणतात तसाच म्हणतोय. ती स्कूटीवर बसली तेव्हा तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसत होती. सरांनी मनाई केलेली असताना दीपेश चोरून सर्व्हरवर येतो. खोलीची किल्ली मामांकडे. पास बंद पडले की हातानं लिहायचे ते मामांच्याच खिडकीत. आणि एक कंटेनर नंबराआधी बाहेर. भाच्यानं आतून बंद करायचं, मामानं बाहेरून सोडायचं.

दोन दिवस तिनं ते मनातच ठेवलं. तिसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मला खात्री नाहीये, पण..."

दातारांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दीपेशला आत बोलावलं.

"तू यार्डात गेला होतास?"

"हो."

"मी नको सांगितलं असताना?"

"मामा आहेत माझे. भेटायला गेलो होतो."

"आणि सर्व्हरवर काय केलंस?"

दीपेशनं सरांकडे न बघता मोनालीकडे बघितलं. "तिला माहीत आहे की. तिलाच विचारा."

त्या नजरेत धमकी आहे असं मोनालीला वाटलं. आपल्यालाच यात ओढतोय हा! "मला काहीही माहीत नाही, सर," ती म्हणाली, आणि तिला हवा होता त्यापेक्षा तिचा आवाज मोठा आला.

दीपेश हसला. कडवट हसला. "बरं," एवढंच म्हणाला.

सरांनी त्याला काही दिवस घरी बसायला सांगितलं. त्यांनी कडूसाहेबांना फोनवर काय सांगितलं ते मोनालीनं ऐकलं नाही, पण आठवड्याभरात बळीराममामांना गेटवरून काढून मागच्या बाजूला रिकाम्या कंटेनरांवर नेमल्याचं कानावर आलं. तिथं सावली नव्हती. मे महिना होता.

मोनालीनं स्वतःला समजावलं की आता तरी सगळं थांबेल. आणि खरंच, मे महिनाभर गेटपास एकदाही अडला नाही. सर म्हणाले, "बघ, कीड काढली की झाड सुधारतं." तिनं मान डोलावली, पण रात्री ती अर्ध्या जेवणावरून उठायची. आईनं दोनदा विचारलं, काय झालं. तिनं कामाचं टेन्शन म्हणून सांगितलं.

मग महिना संपला आणि अहवाल पुन्हा निघेना. तिनं मागच्यासारखाच पेनड्राइव्हवरचा प्रोग्राम चढवला. अहवाल निघाला. ती तिथंच खुर्चीत बसून राहिली, कारण तिला आता पुढचं कळत होतं. तिनं गेटच्या खिडकीतल्या नव्या कारकुनाला म्हटलं, "एक पास काढा बघू." त्यानं नंबर घातला, 'छापा'वर बोट ठेवलं. पांढरा पडदा आला, लाल अक्षरांची रांग.

दीपेश घरी होता. मामा यार्डाच्या दुसऱ्या टोकाला उन्हात. सर्व्हरच्या खोलीत तिच्याशिवाय कुणीच नव्हतं आणि पेनड्राइव्ह तिच्याच हातात होता.

मग आता कोण?

तिनं खोलीचं दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच, कुणी केलं हा प्रश्न बाजूला ठेवून, काय झालं ते बघायला बसली. लाल अक्षरांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. अमुक एक काम करणारी मेथड, म्हणजे सूचनांचा गट, ती ज्यात असते त्या क्लासमध्ये सापडत नाही. पण ती होती! तिनं स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून बघितली, तिथं ती ठळक दिसत होती. सर्व्हरवरच्या आणि लॅपटॉपवरच्या फाइली तिनं एकेक ताडून पाहिल्या. सगळ्या सारख्या. तीच फाइल इथं आहे, तिथंही आहे, आणि सर्व्हर म्हणतोय नाही.

कुठलाही जावा प्रोग्राम सगळं स्वतः करत नाही. एक्सेलचा तक्ता काढणं, कस्टमची माहिती येते तो एक्सएमएल नमुना वाचणं असली कामं इतरांनी लिहून ठेवलेल्या लायब्रऱ्या करतात. त्या 'जार' नावाच्या फाइलींत येतात आणि एका फोल्डरमध्ये टाकल्या की प्रोग्राम त्या वापरतो. सागरदीपच्या त्या फोल्डरमध्ये अशा कितीतरी जार होत्या. ज्याला जी लागली ती त्यानं आणून टाकलेली. मोनालीनं प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. हा क्लास तू नेमका कुठल्या जारमधून उचललास, ते सांग. पुन्हा चालवला. उत्तर आलं, आणि जारचं नाव बघून तिला कळेना. ती समजत होती ती जार ही नव्हतीच. ही दुसरीच होती. नाव वेगळं, पण आत तीच एक्सएमएलची लायब्ररी, कैक वर्षांपूर्वीची. तिच्यात ती मेथड नव्हती, कारण तेव्हा ती कुणी लिहिलीच नव्हती.

एकाच फोल्डरमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या. प्रोग्रामला जी आधी हाताला लागेल ती तो घ्यायचा. तिच्या लॅपटॉपवर नवी आधी लागत होती, सर्व्हरवर जुनी.

नवी कुणी टाकली ते तिला आठवत होतं. कस्टमच्या नव्या नमुन्यासाठी दीपेशनं. आणि जुनी? तिनं त्या जारच्या शेजारच्या जार पाहिल्या, आणि तिचा हात माउसवरच थांबला. एक्सेलचा अहवाल काढायला फेब्रुवारीत तिनं इंटरनेटवरून एक टूल उतरवून घेतलं होतं. त्याच्या झिपमध्ये पाचसहा जार होत्या. तिनं त्या न बघता सगळ्या फोल्डरमध्ये ओतल्या होत्या. जुनी त्यांतलीच एक होती.

तिच्या हातानं. दर वेळी, पेनड्राइव्हवरून, तिच्याच हातानं.

तिनं ती जार काढली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, गेटपास निघाला. अहवाल मात्र बंद पडला. म्हणजे मधल्या दिवसांत कुणीतरी हेच करत होतं. ती जार काढत होतं. आणि ते कोण हे आता उघड होतं.

ती ऑफिसला परत गेली नाही. स्कूटी तिनं सरळ खारघरकडे वळवली.

बेलपाड्यातलं दीपेशचं घर उंच उंच इमारतींच्या मधे खाली दबून बसल्यासारखं होतं. त्याची आई रंभाबाई ओटीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. एरवी मोनाली आली की "ये गो पोरी" म्हणून हाताला धरून आत नेणारी बाई. आज तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"दीपेश आहे का, मावशी?"

"हाय. घरीच बसवलाय ना तुमी त्याला." रंभाबाईनं सूप जरा जोरानं हलवलं. "आमचा दादा उन्हात उभा ऱ्हातो आता. लोकां इचारतात, काय चोरलास रं बळीराम? तो कुनाला काय सांगंल?"

दीपेश बाहेर आला. बनियनवर टॉवेल टाकलेला, दाढी वाढलेली.

"तू ती जुनी जार काढत होतास," ती म्हणाली.

"आणि तू ती परत टाकत होतीस."

"दीपेश, मला माहीतच नव्हतं ती आहे म्हणून!"

तो तिच्याकडे बघत राहिला. ती खरं बोलतेय की नाही हे तो शोधत होता, आणि तिला ते समजत होतं, कारण गेले कित्येक आठवडे ती त्याच्याकडे तशीच बघत आली होती.

"पहिल्या खेपेला मामांनी फोन केला," तो शेवटी म्हणाला. "गेटवर ड्रायव्हर त्यांच्या अंगावर धावून आले होते. एकानं कॉलर धरली. मी शनिवारी गेलो, बघितलं, दोन आवृत्त्या दिसल्या, जुनी उडवली. तुला सांगणार होतो. पण सरांनी मनाई केलेली, नोकरी गेली असती. म्हटलं, चाललंय ना, राहू दे. मग महिन्याच्या शेवटी बघतो तर ती परत आलेली! मी काढलेली फाइल तिथं आपण होऊन येते का? मला वाटलं, तू बघितलंस मी काढलेली, आणि मला अडकवायला मुद्दाम परत ठेवलीस. म्हणून सरांसमोर म्हटलं, तिला माहीत आहे."

"मला वाटलं तू धमकी देतोयस."

"मला वाटलं तू नाटक करतेयस."

रंभाबाईचं सूप थांबलं होतं. ती आलटून पालटून दोघांकडे बघत होती.

"पण काढून चालत नाही ती," मोनाली म्हणाली. "ती काढली की महिन्याचा अहवाल पडतो. म्हणून मी दर वेळी सगळं नव्यानं चढवत होते."

दीपेशच्या कपाळावर आठी पडली. हे त्याला ठाऊक नव्हतं. "अहवालाला जुनी लागते?"

"अहवालाला जुनी, गेटपासला नवी."

"आयला," तो म्हणाला आणि टॉवेलनं तोंड पुसलं. मग विचारलं, "लॅपटॉप आणलायस?"

ओटीवरच दोघं बसली. आधी अवघडून, मधे हातभर अंतर ठेवून. मग कधीतरी दीपेशनं तिच्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं. फोल्डरमधल्या सगळ्या जार त्यांनी मॅव्हनच्या ताब्यात दिल्या. मॅव्हन म्हणजे कुठली लायब्ररी कुठल्या आवृत्तीची हवी हे एकाच ठिकाणी सांगायची सोय. कुणी कुणाला बरोबर घेऊन आलंय, हे ते झाडाच्या फांद्यांसारखं उलगडून दाखवतं. त्या झाडात एका फांदीवर नवी आणि दुसऱ्या फांदीवर, अहवालाच्या टूलखाली, जुनी लोंबकळताना स्पष्ट दिसली. नुसती जुनी वगळून भागणार नव्हतं. नव्या लायब्ररीशी जुळणारी त्या टूलची पुढची आवृत्ती घ्यावी लागली, आणि तिची मांडणी बदललेली असल्यानं मोनालीचा अहवालाचा अर्धा कोड पुन्हा लिहावा लागला. एका बैठकीत ते झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, त्याच्या पुढच्या दिवशीही. त्या दिवशी रंभाबाईनं न विचारता दोघांच्यामध्ये भाकरीची टोपली आणून ठेवली. मग लगेच आत निघून गेली.

"एक विचारू?" कोड तपासता तपासता मोनाली म्हणाली. "त्या दिवशी मी पाणी भरायला आले तेव्हा तू काय बंद केलंस?"

"नोकरीचा अर्ज." तो खाली बघून म्हणाला. "बेलापूरला. मिळाली ती. पुढच्या महिन्यात जायचंय."

म्हणजे तेवढं खरं होतं. तिला हायसं वाटलं नाही, उलट आत काहीतरी तुटलं. आता तो परत येणार नव्हता. तिनं "अभिनंदन" म्हटलं. त्यानं मान हलवली.

नवा प्रोग्राम सर्व्हरवर चढला. गेटपास निघाला, अहवालही निघाला. मोनालीनं तो सर्व्हर तीनदा बंद करून चालू केला, तरी दोन्ही निघत राहिले. मग तिनं दातारांना सगळं सांगितलं, स्वतःनं टाकलेल्या जारसकट. त्यांनी खुर्ची खिडकीकडे, बाहेरच्या वडाळे तळ्याकडे वळवली. "मी कडूंशी बोलतो," म्हणाले. "हळूहळू सांगू. एकदम सांगितलं तर आपल्या कंपनीचं नाव..."

"हळूहळू नको, सर. मी आत्ताच जाते."

कडूसाहेबांनी तिचं ऐकून घेतलं आणि ते जरा ओशाळले. नंबराआधी गेलेल्या त्या कंटेनरचा घोळ त्यांना मागच्याच आठवड्यात कळला होता. गर्दीत मदतीला बसवलेल्या दुसऱ्या कारकुनानं रांगेतला नंबर लिहिताना साताचा एक केला होता. "बळीरामाला घेऊ परत गेटवर," ते म्हणाले. "सोमवारपासून बसेल. विषय संपला."

"संपला नाही, साहेब. सगळ्या यार्डाला वाटतंय की त्यांनी काही केलं. मला गेटवर सगळ्यांसमोर बोलू द्या."

"त्याची काय गरज आहे? लोकं विसरतात हो."

"नाही विसरत," मोनाली म्हणाली.

पाळी बदलताना गेटवर माणसं जमायची. येणारे, जाणारे, पासासाठी थांबलेले ड्रायव्हर. कडूसाहेबांनी मामांना मागून बोलावून घेतलं. उन्हानं त्यांचा चेहरा काळवंडला होता आणि आता आणखी काय, अशा नजरेनं ते उभे राहिले. मोनालीला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. ऑफिसची भाषा तिला सुचेना. ती सरळ कोळीवाड्यातल्या बोलीत बोलली.

"ऐका जरा. गेटपास बंद पडायचा ना, ती चूक आमच्या प्रोग्रामची होती. म्हंजे माझी. मामांनी काय केलेलं नाय. त्यांच्यावर संशय घेतला तो मी घेतला, नि तो खोटा होता. कुनी त्यांना काय बोलला असंल तर त्याचा दोष माझ्यावर."

एका ड्रायव्हरनं खैनीची पुडी खिशात घातली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "मग एवढा तमाशा कशाला केला?" मोनालीनं ते ऐकलं.

ती मामांच्या समोर गेली. "मामा, मला माफ करा."

मामांनी डोक्यावरचा रुमाल काढून मान पुसली. "दीपेश लहान असताना याच जागंवर आमचं भात व्हतं," ते म्हणाले. "पोरगा बांधावर बसून ऱ्हायचा. त्याच्या डोक्यात वाईट येल, असं तुमाला वाटलाच कसा, मॅडम? मना सोडा. त्याचा सांगा."

मोनालीचे डोळे भरून आले. "मला नाही सांगता येत, मामा."

"त्यालाच सांगा तर," मामा म्हणाले. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, याचा त्यांनी क्षणभर विचार केलेला दिसला. ठेवला नाही. "सोमवारी मी खिडकीत हाय. तवा या. मशीन तुमीच समोर चालू करून द्या."

बाहेर ट्रेलरवाले हॉर्न वाजवायला लागले होते. कडूसाहेब "चला, चला, लाइन लावा" म्हणून ओरडले. माणसं पांगली. मोनाली स्कूटीपर्यंत आली, फोन काढला आणि दीपेशचा नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजली. त्यानं उचलला, पण तो 'हॅलो' म्हणाला नाही, नुसता ऐकत राहिला. उरण रस्त्यावरच्या त्या कलकलाटात फोन कानाशी घट्ट धरून ती बोलू लागली.